चिलखताचा रंग दोन मिरवणुकांत उडतोय? या चुका टाळा

वैशाख जवळ आला की मला फोन सुरू होतात. आमच्या कोल्हापुरातली पारंपरिक शिवजयंती, म्हणजे वैशाख शुद्ध द्वितीया, तोंडावर आलेली असते. तालमीच्या पोरांनी इव्हा फोमची (रबरासारखा हलका, वाकणारा फोम) चिलखतं, दस्ताने, शिरस्त्राणं करायला घेतलेली असतात आणि क्लिअरबद्दल, म्हणजे रंगावर मारायच्या पारदर्शक थराबद्दल, प्रश्न एकच असतो, "दादा, वरनं कुठला क्लिअर मारू म्हणजे ओरखडा पडणार नाही?" मी विचारतो, रंग कधी दिलास? "काल." मग कुठलाच क्लिअर तुझ्या कामाचा नाही, बाळा.

वाळला म्हणजे कडक झाला, असं समजणं

ही चूक मी इतक्या वेळा बघितली आहे की आता आधी हेच सांगतो. हाताला रंग लागत नाही, म्हणजे तो फक्त वरून वाळला. आतून कडक व्हायला ॲक्रिलिकलाही आठवडा-दोन आठवडे लागतात. ऑइल पेंटचं तर विचारूच नका. जाड हात मारला की वर साय धरते आणि खाली रंग ओलाच राहतो.

काही वर्षांपूर्वी एका मंडळाची सहा चिलखतं माझ्याकडे आली, मिरवणुकीच्या आदल्या रात्री. पोरांनी दीड महिना खपून एकेक खवला हाताने कापला होता. काम खरंच देखणं होतं. पण दोन दिवसांपूर्वी ब्रशने चंदेरी ऑइल पेंट जाड लावलेला आणि त्याच संध्याकाळी वरून लॅकरचा स्प्रे. मी म्हटलं, हे अजून कच्चं आहे, एकावर एक ठेवू नका. "वाळलंय की! हात लावून बघा." हात लावला, हाताला काही लागलं नाही. पहाटे सहाही चिलखतं टेम्पोत एकावर एक रचली, वर ताडपत्री, ताडपत्रीवर ढोल. दुपारभर टेम्पो उन्हात. संध्याकाळी मिरजकर तिकटीजवळ अंगावर चढवायला काढली, तर एकाची छाती दुसऱ्याच्या पाठीला चिकटलेली. ओढल्यावर चंदेरी रंग प्रायमरसकट तळहाताएवढ्या पापुद्र्यांनी निघाला. सगळ्यात वरच्या चिलखतावर ताडपत्रीची वीण उमटली होती. पोरं छातीवर शेला पांघरून चालली. खवले कापणारा पोरगा माझ्या शेजारीच उभा होता. एक शब्द बोलला नाही. मला अजून त्याचा चेहरा आठवतो.

माझी सवय अशी आहे. रंगाचे हात पातळ, आणि दोन हातांमध्ये एक रात्र. शेवटच्या हातानंतर आठवडाभर चिलखत खुंटीवर. मग आतल्या बाजूला, दिसणार नाही अशा जागी नख दाबून बघतो. वळ उठला तर अजून थांबायचं. शेवटी नाक लावतो. थिनरचा वास येत असेल तर अजून काहीतरी उडून जायचं बाकी आहे. त्यानंतर क्लिअर, आणि पुन्हा एक आठवडा. म्हणजे जास्तीचं थांबणं धरून मिरवणुकीच्या तीन आठवडे आधी रंग संपलेला हवा. तेवढे दिवस नसतील तर क्लिअर मारूच नका. नुसत्या ॲक्रिलिकवर पडलेला ओरखडा पाच मिनिटांत ब्रशने बुजवता येतो. क्लिअरखाली सुरकुतलेला रंग मात्र फोमपर्यंत खरवडावा लागतो.

वाकणाऱ्या फोमवर न वाकणारा थर

लाकडाला लावायचं लॅकर फोमवर पहिल्या दिवशी आरशासारखं दिसतं. पण माणूस वाकतो, बसतो, हात वर करतो. फोम वाकतो, लॅकर वाकत नाही. काखेजवळ आणि पोटाच्या घडीवर केसासारख्या चिरा जातात आणि तिथून पोपडे सुटतात. पाण्यात मिसळणारा, लवचीक पीयू (पॉलीयुरेथेन) क्लिअर घ्या. कुठलाही डबा असला तरी फोमच्या एका कातरणीवर प्रायमरपासून क्लिअरपर्यंत सगळे थर चिलखताबरोबरच चढवा, आठवड्याने ती कातरण दुमडून बघा. ती तडकली तर चिलखतही तडकणार. ही कातरण करायचा कंटाळा जवळजवळ प्रत्येक नवीन पोराला येतो, आणि रंग उडाल्यावर तोच पोरगा दुकानदाराला दोष देतो.

हीट गन फिरवून फोमची छिद्रं आधी मिटवा, नाहीतर रंग आत मुरत राहतो.

गुलाल

कोल्हापुरात राहून गुलालाचा विचार न करता मॅट क्लिअर मारणं मला समजत नाही. मॅटचा पृष्ठभाग खरखरीत असतो. त्यात गुलाल बसतो, वर घाम येतो आणि चिलखत कायमचं गुलाबी होतं. शिवाय मॅट क्लिअर ग्लॉसीपेक्षा लवकर घासला जातो. मी आधी ग्लॉसीचे दोन हात देतो आणि चमक घालवण्यापुरता एकच पातळ हात मॅटचा. मिरवणुकीहून आल्यावर ओलं फडकं लगेच लावू नका. आधी मऊ कोरड्या ब्रशने गुलाल झाडा, मगच पुसा. सॅनिटायझर, स्पिरिट, थिनर यातलं काहीही नको. ॲक्रिलिक रंग स्पिरिटने सुटतो.

बाकीच्या

पावसाळ्यात स्प्रे मारू नका. हवेतली ओल धरून क्लिअर पांढुरका पडतो. मी जुलै-ऑगस्टमध्ये स्प्रेला हातच लावत नाही.

पट्टे आणि बकल जिथे घासतात तिथे आतून पातळ चामडं लावा. कोल्हापुरी चप्पल करणाऱ्या कारागिराकडे कातरणी मिळतात. वेल्क्रो ठेवताना नेहमी मिटलेला ठेवा, त्याची काटेरी बाजू शेजारच्या रंगावर रेघोट्या मारते.

वर्तमानपत्रात गुंडाळू नका, शाई उतरते. प्लॅस्टिकच्या पिशवीतही नको, आणि बबल रॅपची गोल नक्षी छातीवर कुणाला हवी आहे? आईची जुनी सुती साडी घ्या, रुंद हँगरला टांगून ठेवा. बंद गाडीत उन्हात ठेवलं तर रंगाचं सोडाच, फोमला दिलेला बाकच सुटतो.

कडा धारदार ठेवल्या की रंग आधी तिथूनच जातो. पॉलिश पेपरने थोड्या गोल करा. आणि जुन्या धातूसारख्या कडा उजळ, खाचा काळपट अशाच रंगवा, म्हणजे नंतर पडलेला ओरखडा त्यात मिसळून जातो.

मर्दानी खेळात लाठीचा खरा घाव बसणार असेल तर रंगवलेलं चिलखत घालूच नका. त्यापुढे कुठलाही क्लिअर टिकत नाही.

आणि घोटलेला उरलेला रंग फेकू नका. छोट्या बाटलीत भरून, झाकणावर चिलखताचं नाव आणि तारीख लिहून ठेवा. पुढच्या वर्षी तीच छटा पुन्हा जुळवताना अख्खी दुपार जाते.