रनफ्लॅट टायर पंक्चर झाला? स्पोर्ट्स कारवाल्यांनो, या चुका टाळा

रनफ्लॅटबद्दल सगळ्यात मोठा गैरसमज म्हणजे हे टायर पंक्चरच होत नाहीत. होतात हो, साध्या टायरसारखेच होतात, खिळा असो की स्क्रू, घुसायचा तो घुसतोच. फरक इतकाच की या टायरच्या साइडवॉलमध्ये, म्हणजे बाजूच्या भिंतीत, जाड कडक रबराचा जादा थर असतो, हवा गेली तरी तो थर गाडीचं वजन पेलतो, टायर रिमवरून निसटत नाही आणि तुम्ही भर रस्त्यात न अडकता पुढं जाऊ शकता. पण किती पुढं आणि किती स्पीडनं, इथंच लोक चुकतात. आणि स्पोर्ट्स कारमध्ये बहुतेक वेळा स्टेपनी नसतेच, कॉर्व्हेटनं १९९७ च्या सी५ मॉडेललाच स्टेपनी काढून रनफ्लॅट दिले, निसान जीटी-आर आर३५ पण रनफ्लॅटवरच आली, म्हणजे या गाड्यांमध्ये तोच टायर हाच तुमचा एकमेव आधार. तो नीट वापरला तर वाचतो, नाहीतर एक छोटासा खिळा अख्खा टायर खातो.

लाइट लागला तरी "गाडी तर नीट चालतेय" म्हणणं

ही चूक नंबर एक. साध्या टायरची हवा गेली की स्टिअरिंग ओढतं, टायर बसलेला दिसतो, कोणालाही कळतं. रनफ्लॅटला बाहेरून बघून काहीच कळत नाही, त्यात लो प्रोफाइल, म्हणजे बुटक्या साइडवॉलचा टायर असेल तर फुल हवेचा आणि अर्ध्या हवेचा शेजारी शेजारी ठेवला तरी ओळखू येत नाही. म्हणून तर या टायरसोबत टायर प्रेशर मॉनिटर लागतोच, तुमच्यासाठी पंक्चर म्हणजे फक्त तो पिवळा लाइट. तो दिसला की गाडी बाजूला घ्या आणि गेजनं चारही टायरचं प्रेशर बघा, पायानं लाथ मारून किंवा नजरेनं अंदाज घेऊन चालणार नाही.

कधी कधी पंक्चर नसतंही. तापमान साधारण साडेपाच अंश सेल्सिअस खाली आलं की प्रेशर १ पीएसआयच्या आसपास उतरतं, त्यामुळे थंडीच्या पहाटे लाइट लागू शकतो, अशा वेळी चारही टायर साधारण सारखेच उतरलेले दिसतील. एकच टायर बाकीच्यांपेक्षा खाली असेल तर मात्र पंक्चर धरून चाला. अजून एक, काही गाड्यांत प्रत्येक चाकात खरा सेन्सर असतो आणि स्क्रीनवर आकडे दिसतात, काहींत मात्र एबीएसच्या सेन्सरवरून चाकाचा फिरण्याचा वेग बघून अंदाज बांधला जातो. या दुसऱ्या प्रकारात चारही टायर हळूहळू एकत्र उतरले तर सिस्टीमला पत्ताच लागत नाही, आणि हवा भरल्यावर रीसेट केलं नाही तर ती चुकीच्या प्रेशरलाच बरोबर समजून बसते. आपल्या गाडीत यातला कुठला प्रकार आहे ते मॅन्युअलमध्ये आजच बघून ठेवा.

किलोमीटर न लिहिणं

माझ्या मते हे सगळ्यात महत्त्वाचं आणि हेच कोणी करत नाही. लाइट लागला त्या क्षणी ओडोमीटरचा फोटो काढा, स्क्रीनवर प्रेशरचे आकडे दिसत असतील तर त्यांचाही काढा. कारण पुढं टायरवाला पहिला प्रश्न विचारणार की हवेशिवाय किती चालवली, आणि "थोडीशीच" हे उत्तर त्याच्या काही कामाचं नाही. २४ पीएसआयवर दहा किलोमीटर आणि शून्यावर दहा किलोमीटर यात जमीन अस्मानाचा फरक आहे, टायर दुरुस्त होणार की फेकायचा हे त्यावरच ठरतं.

बहुतेक कंपन्या सांगतात तो आकडा म्हणजे ताशी ८० किलोमीटर स्पीडनं जास्तीत जास्त ८० किलोमीटर. आपल्या टायरचा नेमका आकडा मॅन्युअलमध्ये बघाच, आणि "जास्तीत जास्त" हे शब्द लक्षात ठेवा. हवा नसलेली साइडवॉल चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला दबते आणि सुटते, त्या दबण्यातून उष्णता तयार होते, हवा नसल्यामुळे सगळा भार त्या रबरावरच असतो आणि ते आतून शिजत जातं. स्पीड वाढवला की ही उष्णता झपाट्यानं वाढते, सोबत माणूस आणि सामान असेल, रस्ता तापलेला असेल तर ते ८० चे ४०-५० पण होऊ शकतात. म्हणून ८० किलोमीटर मिळालेत म्हणून ८० किलोमीटर लांबचं आवडतं गॅरेज गाठायचं नाही, जवळात जवळ जिथं काम होईल तिथं जायचं. लिमिट ८० ची असली तरी मी ५०-६० च्या वर जाऊ नका असंच सांगेन, पोचायला दहा मिनिटं जास्त लागतील पण टायर वाचायची शक्यता वाढते.

चालवताना स्टॅबिलिटी कंट्रोल अजिबात बंद करू नका, स्पोर्ट मोड काढून टाका, ब्रेक लवकर आणि हळू दाबा, वळणावर स्टिअरिंग झटकन फिरवू नका. मागचा टायर गेला असेल तर जास्तच सांभाळून, कारण स्टिअरिंगमध्ये फारसं काही जाणवत नाही आणि वळणावर मागची बाजू अचानक सुटते. खड्डा शक्यतो चुकवाच, हवेची गादी नसल्यामुळे दणका थेट रिमला बसतो. धडधड सुरू झाली, जळक्या रबराचा वास आला की किलोमीटर शिल्लक असोत नसोत, थांबा. तिथून पुढं फ्लॅटबेडच, म्हणजे गाडी पाठीवर घेऊन जाणारा ट्रक.

खिळा उपसणं

खिळा दिसला की हात शिवशिवतात, पण तो राहू द्या. भोक त्यानंच बुजवून ठेवलेलं असतं, हवा हळूहळू जात असते, उपसला की दोन मिनिटांत टायर शून्यावर. आता इथं एक गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही, रनफ्लॅट असले तरी १२ व्होल्टचा छोटा कॉम्प्रेसर गाडीत ठेवाच. प्रेशर थोडंसंच उतरलंय तेव्हाच पकडलं आणि हवा भरत भरत गेलात तर टायर फ्लॅट चाललाच नाही, साइडवॉल शिजलीच नाही, दुरुस्तीचा रस्ता उघडा राहिला. मात्र टायर शून्यावर चालून आला असेल तर त्यात परत हवा भरून निघायचं नाही. आतून कमजोर झालेली साइडवॉल प्रेशरखाली फुटू शकते, आधी रिमवरून काढून आतून तपासायचा, मगच हवा.

सीलंट ओतणं, बाहेरून स्ट्रिप मारणं

रनफ्लॅट हवेशिवाय चालतोच, मग सीलंटची, म्हणजे भोक बुजवायला आत ओततात त्या द्रवाची, घाई कशाला? तो चिकट द्रव प्रेशर सेन्सरवर बसू शकतो, सगळं आतून धुवावं लागतं, आणि काही दुकानं असा टायर दुरुस्तीला घ्यायलाच तयार होत नाहीत. गाडीच्या मॅन्युअलमध्ये सांगितलं असेल तरच वापरा.

स्ट्रिपचं दुखणं वेगळं. बाहेरून स्ट्रिप, म्हणजे चिकट रबरी पट्टी, भोकात खुपसली की हवा थांबते, दुकानदार पण खूश तुम्ही पण खूश, पण आत काय झालंय ते कोणीच बघितलं नाही. रनफ्लॅटमध्ये खरी गोष्ट आतच असते. टायर उतरवला की आतल्या बाजूला साइडवॉलवर गोल पट्टा उमटलाय का बघा, रबराला सुरकुत्या आहेत का, आणि हात फिरवला तर काळा चुरा किंवा रबराचे बारीक दाणे हाताला लागतात का. लागले तर विषय संपला, भोक कितीही बारीक असू दे तो टायर बाद. स्वतः समोर उभं राहून बघा, फोटो काढा.

आतून स्वच्छ निघाला तरी लगेच दुरुस्ती असं नाही. काही कंपन्या रनफ्लॅटची दुरुस्ती मान्यच करत नाहीत, काही अटींवर करतात. साधारण नियम म्हणजे भोक ट्रेडच्या, म्हणजे रस्त्याला टेकणाऱ्या नक्षीच्या, मधल्या भागात हवं, ६ मिलिमीटरपेक्षा मोठं नको, खांद्यावर (ट्रेड आणि साइडवॉल जुळतात तिथं) किंवा साइडवॉलवर असेल तर दुरुस्ती नाही, आणि आतून मशरूम पॅच हवा, ज्यात दांडा भोक भरतो आणि चकती आतला थर सील करते. साइडवॉलला फुगा आला असेल तर तोही बादच, आतले धागे तुटल्याशिवाय फुगा येत नाही. आणि स्पोर्ट्स कारचे टायर डब्ल्यू किंवा वाय स्पीड रेटिंगचे असतात, म्हणजे ताशी २७० आणि ३०० किलोमीटरसाठी बनवलेले, पॅच मारल्यावर त्या आकड्यावर भरवसा ठेवू नका. रोजच्या वापराला ठीक, ट्रॅकवर तो टायर नेऊ नका, इथं मी कोणाचंच ऐकणार नाही.

कुठल्याही दुकानात चाक देणं

या टायरची साइडवॉल दगडासारखी कडक असते, साध्या मशीनवर जोर लावून काढला की टायरची कड फाटते, अलॉयवर ओरखडे पडतात, नाहीतर व्हॉल्व्हजवळचा सेन्सर तुटतो. मदतीचा जादा आर्म असलेलं मशीन आहे का आधी विचारा आणि सेन्सर आहे हे सांगा, म्हणजे टायरवाला कड दाबताना व्हॉल्व्हपासून लांबून सुरुवात करेल. जॅक लावायची जागाही दाखवा, खाली टेकलेल्या गाडीला चुकीच्या ठिकाणी जॅक लावला तर सिल, म्हणजे दाराखालची पट्टी, वाकतो. आणि लॉक नटचा, म्हणजे चाक चोरीला जाऊ नये म्हणून लावलेल्या खास नटचा, सॉकेट! तो कुठल्या कप्प्यात आहे हे आत्ता जाऊन बघा, तो नसेल तर चाक खोलणंच होत नाही. टो हुक पण तिथंच असतो, फ्लॅटबेडवर गाडी चढवायला तो लागतो.

एक रनफ्लॅट, तीन साधे

हे करू नका, दोघांची साइडवॉल वेगळी वागते आणि गाडीचं वळणावरचं वागणं बिघडतं. मिशेलिनवर झेडपी, ब्रिजस्टोनवर आरएफटी, कॉन्टिनेन्टलवर एसएसआर, गुडइयरवर ईएमटी किंवा आरओएफ, डनलॉपवर डीएसएसटी असं लिहिलेलं असतं, जुन्यावर जे आहे तेच नव्यावर बघून घ्या. पुढचे मागचे साइज बहुतेक वेगळे असतात त्यामुळे अदलाबदलीचा जुगाड पण चालत नाही. एकच बदलायचा तर त्याच एक्सलवरच्या दुसऱ्याचा ट्रेड मोजा, फार झिजला असेल तर जोडीच बदला, ऑल व्हील ड्राइव्हमध्ये तर नक्कीच, कारण कमी जास्त घेराचे टायर डिफरेन्शियलला सतत राबवत ठेवतात. चारही साधे टायर टाकायचे असतील तर टाका, गाडी मऊ चालते, पण मग कॉम्प्रेसर आणि रिपेअर किट गाडीत हवंच.

चाक परत बसवल्यावर नट टॉर्क रेंचनं आवळून घ्या, ५०-१०० किलोमीटरनंतर परत तपासा, प्रेशर टायर थंड असताना बघा आणि मॉनिटर रीसेट करा. आठवड्याभरात तोच टायर परत उतरला तर पॅचला दोष द्यायच्या आधी साबणाचं पाणी व्हॉल्व्हवर आणि रिमच्या कडेला मारा. रिमच्या कडेला बुडबुडे आले तर चाक बॅलन्सिंग मशीनवर फिरवून रिमची आतली कड बघायला सांगा, हवेशिवाय चालवताना खड्ड्यात ती वाकलेली असू शकते आणि गाडीला लावलेल्या चाकात बाहेरून दिसत नाही.