बेन ऑल्डरचा बेत: हायलँड्समधल्या आडबाजूच्या डोंगरावर जाताना

बेन ऑल्डरची उंची 1148 मीटर. आपलं कळसूबाई त्याच्यापेक्षा जवळजवळ पाचशे मीटरने उंच. पण कळसूबाईच्या पायथ्याशी बारी गाव आहे, कड्यावर शिड्या आहेत आणि वाटेत लिंबू सरबतवाला भेटतो. स्कॉटलंडच्या या डोंगराच्या पायथ्याशी गाव नाही. डॅलव्हिनी स्टेशनला उतरल्यावर पायथा गाठायलाच सुमारे पंधरा किलोमीटर तुडवायचे, आणि संध्याकाळी तेवढेच परत यायचं. वाटाड्या नाही, टपरी नाही. त्यामुळे इथलं नियोजन चढाईपेक्षा अंतराचं आणि परतीचं असतं.

आधी महिना ठरवा

मे अखेर ते जून सगळ्यात बरा. जूनमध्ये रात्री दहापर्यंत उजेड असतो. डिसेंबरमध्ये दुपारी साडेतीनलाच सूर्य मावळतो. हिवाळ्यात बर्फकुऱ्हाड आणि क्रॅम्पॉन (बुटांखाली बांधायचे धातूचे काटे) वापरता येत नसतील तर हा डोंगर विसरा. पूर्वेच्या कड्यावर बर्फाची पुढे झुकलेली छज्जे तयार होतात आणि ती वसंतातही उशिरापर्यंत टिकतात. वरून तो सपाट पांढरा काठ दिसतो, खाली मात्र नुसती हवा असते.

उन्हाळ्यात मिजेस छळतात. चिलटापेक्षाही बारीक हा किडा वारा पडला की झुंडीने येतो, म्हणून डोक्यावर घ्यायची जाळी न्या. ऑगस्ट ते ऑक्टोबर हरणांच्या शिकारीचे दिवस. 2003 च्या जमीन सुधारणा कायद्याने इथे खाजगी डोंगरावरही जबाबदारीने फिरण्याचा हक्क दिला आहे, तरी त्या काळात इस्टेटीच्या, म्हणजे त्या खाजगी जमिनीच्या मालकाच्या, सूचना पाहून वाट ठरवावी.

मग कागद, पेन्सिल आणि हिशेब

ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटिश नकाशा संस्थेचा लँडरेंजर 42 क्रमांकाचा नकाशा घ्या. प्रमाण 1:50,000, म्हणजे दोन सेंटिमीटरला एक किलोमीटर. सोबत होकायंत्र. फोनमध्ये नकाशा जरूर ठेवा, पण थंडीत बॅटरी भराभर उतरते आणि रेंजचा भरवसा नाही.

वेळेसाठी नेस्मिथचा नियम वापरा. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने तो 1892 मध्ये मांडला. आजच्या मापात तो असा: पाच किलोमीटरला एक तास, शिवाय दर शंभर मीटर चढाला दहा मिनिटं. जाऊन-येऊन 42 किलोमीटर आणि 900 मीटर चढ धरला तर साधारण साडेआठ अधिक दीड, म्हणजे दहा तास. यात डबा खाणं, फोटो काढणं, दलदलीत बूट रुतणं काहीच धरलेलं नाही. मी नेहमी त्यावर तिसरा हिस्सा वाढवतो. तेरा तास झाले, आता विचार करा.

इथे दोन पर्याय उरतात. पहिला सायकल. लॉख एरिक्त या लांबलचक तलावाच्या काठाने इस्टेटीचा कच्चा रस्ता जातो आणि पुढे लॉख पॅटककडे वळतो. सायकलने बरेच तास वाचतात. ट्रेनमध्ये सायकलची जागा आधी राखून ठेवा. दुसरा पर्याय तंबू: कुल्रा या पायथ्याजवळच्या जागेच्या आसपास मुक्काम करून दोन दिवसांत डोंगर करायचा. कुल्राची बॉथी, म्हणजे वाटसरूंसाठीची साधी झोपडी, अ‍ॅस्बेस्टॉस आढळल्यामुळे बंद करण्यात आली. जुनी वर्णनं वाचून तिथे झोपायचा बेत आखू नका.

वाट

कुल्राहून लाँग लेखस नावाची धार चढते. काही ठिकाणी हात टेकावे लागतात, पण घाटवाटा केलेल्याला जड नाही. खरी परीक्षा वरच्या पठारावर. ते इतकं मोठं आणि सपाट आहे की धुक्यात चारी दिशा सारख्या वाटतात, आणि पूर्वेला कडा आहे. चढून पठारावर पाय ठेवताच होकायंत्राने दिशा घ्या, धुकं येण्याची वाट बघू नका. उतरताना ब्रेबाग खिंडीत येऊन खालच्या दुसऱ्या, लहान तलावाच्या काठाने कुल्राला परतता येतं. खिंडीकडचा उतार मात्र तीव्र आणि खडकाळ आहे. धुकं दाट असेल तर आल्या वाटेने परत फिरलेलं बरं.

आदल्या दिवशी

एमडब्ल्यूआयएस ही डोंगरांसाठीची हवामान सेवा पाहा. पाऊस तर पडतोच, नजर वाऱ्याच्या वेगावर आणि माथ्यावरच्या तापमानावर ठेवा. वारा ताशी 40 मैलांच्या पुढे असेल तर धारेवर तोल सांभाळणं कठीण, बेत पुढे ढकला. जोराच्या पावसानंतर ओढे फुगतात आणि सकाळी उडी मारून ओलांडलेला ओढा संध्याकाळी अडवून धरतो.

सॅकमध्ये जलरोधक जाकीट आणि पँट, जूनमध्येसुद्धा टोपी-हातमोजे, एक जादा गरम थर, हेडटॉर्च, शिट्टी, आणीबाणीत आत शिरून ऊब धरायची थैली. जीन्स नको, भिजली की वाळत नाही. खाण्यात मी तिळाच्या वड्या आणि मेथीचा ठेपला नेतो. ठेपला थंड वाऱ्यात कडक होत नाही, ब्रेड होतो.

घरी किंवा मित्राकडे वाट आणि परतीची वेळ लिहून ठेवा: ‘रात्री दहापर्यंत फोन आला नाही तर पोलिसांना कळव.’ ब्रिटनमधला फोन असेल तर 999 वर ‘रजिस्टर’ हा इंग्रजी शब्द पाठवून एसएमएसची सोय आधीच सुरू करा. बोलण्याइतकी रेंज नसली तरी संदेश कधी कधी जातो. अडचणीत 999 लावून आधी पोलीस मागा, मग माउंटन रेस्क्यू. फोन नसेल तर मिनिटाला सहा शिट्ट्या, मग एक मिनिट थांबून पुन्हा सहा.

आणि घरातून निघण्याआधीच, माघारी फिरायची वेळ नकाशावर पेन्सिलीने लिहा. सायकलने एका दिवसात करत असाल तर माझी दुपारी दोनची असते. दोन वाजता जिथे असू तिथून मागे, माथा दोनशे मीटरवर दिसत असला तरी.