घरी गिटारचे थर रचताय? मग कॉपी-पेस्ट आधी बंद करा

एकच टेक, म्हणजे एकदा वाजवून केलेलं रेकॉर्डिंग, कॉपी करायचा आणि एक डावीकडे, एक उजवीकडे पॅन करायचा. मिक्सिंगसाठी माझ्याकडे येणाऱ्या फाइल्समध्ये ही चूक हमखास सापडते, आणि वाईट वाटतं, कारण वाजवणाऱ्या पोरांच्या हातात दम असतो. दोन्हीकडे तंतोतंत तेच वाजत असेल तर ते मधोमधच ऐकू येतं, फक्त जोरात. रुंदी येते ती दोन वादनांतल्या बारीक फरकांतून. म्हणजे रिफ, गिटारचा तो ठरलेला तुकडा, पुन्हा वाजवायलाच हवा.

यावरची पळवाट ठरलेली: कॉपी 10 मिलिसेकंद सरकवायची. हेडफोनवर छान पसरट वाटतं. एका कॉलेज बँडचं असंच केलेलं गाणं गणपतीत मंडळाच्या स्पीकरवर लागलं. तिथे डावं-उजवं एकत्र होऊन मोनो वाजत होतं. ड्रम, बेस, गायक ठणठणीत, आणि गिटार पत्र्याच्या डब्यात कोंडल्यासारखी. एवढ्या फरकाने दोन्ही एकत्र आले की 50, 150, 250 हर्ट्झ अशा ओळीने आवाज गळत जातो. गिटार वाजवणारा मुलगा माझ्या शेजारीच उभा होता, त्याचा उतरलेला चेहरा अजून डोळ्यांसमोर आहे. दुसऱ्या दिवशी उजवी बाजू नव्याने वाजवून घेतली. अख्खी दुपार गेली. एवढा वेळ लागतोच, तो द्यायची तयारी ठेवा.

मी दुसऱ्या टेकला गिटार बदलतो, नाहीतर निदान पिकअप (तारांचा आवाज टिपणारा गिटारवरचा भाग). सूर निसटला तर तेवढा तुकडा परत वाजवतो, माउसने ओढून जुळवत नाही. शेवटी मास्टरवर, म्हणजे सगळे ट्रॅक एकत्र येतात तिथे, मोनो करून ऐकतो.

गेनचंही तसंच. एकट्या गिटारला शोभणारं डिस्टॉर्शन चार थरांत नुसतं घोंघावतं. मी अँप सिम्युलेटरचा (कंप्युटरवरच्या नकली अँपचा) गेन, म्हणजे आवाज किती फाटावा ते ठरवणारं बटण, निम्म्यावर आणतो. तेव्हा वाजवणं कठीण जातं, हे खरं, पण प्रत्येक स्ट्रोक कळतो.

ट्यूनिंग प्रत्येक टेकआधी, गाण्याआधी एकदा नव्हे. इंटरफेसवर (गिटार कंप्युटरला जोडणारी पेटी) इन्स्ट्रुमेंटचं बटण दाबलेलं आहे का बघा, लाइनवर गिटार मेलेली वाटते. इनपुट उणे 12 डेसिबलच्या आसपास पुरे. वाजवताना आवाज उशिरा येत असेल तर सॉफ्टवेअरच्या सेटिंगमध्ये बफर (कंप्युटर एका वेळी किती आवाज साठवून पुढे सोडतो तो आकडा) 128 सॅम्पल करा, मिक्सिंगला वाढवा.

सिंगल कॉइल (एकाच गुंडाळीच्या) पिकअपची गुणगुण येत असेल तर प्लगिन शोधण्याआधी खुर्चीसकट फिरून बघा. माझ्या खोलीत खिडकीकडे तोंड केलं की ती जवळजवळ जाते. तिथे मी फरशीवर चिकटपट्टी लावून ठेवली आहे.