झोपेत चालणाऱ्यांच्या बाबतीत या चुका टाळा

झोपेत चालणे हा सुटा, एकटा आजार आहे असे धरून चालण्याची चूक मी निद्राविकारांच्या ओपीडीत वर्षानुवर्षे पाहत आले आहे. गाढ झोपेतून मेंदू अर्धवट जागा होतो, पाय चालू लागतात आणि जाणीव मात्र झोपलेलीच राहते. म्हणून ती गाढ झोप कशाने मोडते, हे आधी शोधावे लागते.

नऊ वर्षांचा एक मुलगा झोपल्यावर दीडेक तासाने उठून थेट बाहेरच्या दाराच्या कडीला हात घालत असे. दृष्ट काढून झाली होती, काळा दोरा बांधून झाला होता आणि कुणाच्या तरी सल्ल्याने गुंगी आणणारे सर्दीचे औषधही पाजून झाले होते. घोरतो का, असे विचारल्यावर आई म्हणाली, "घोरतो हो, बाबांवर गेलाय तो." मी मोबाईलवर त्याच्या झोपेचे चित्रीकरण करून आणायला सांगितले. त्यात तोंड उघडे, मान मागे टाकलेली; घोरणे मध्येच थांबे, छाती नुसती आत ओढली जाई आणि मग आचका देऊन श्वास सुरू होई. झोपेच्या तपासणीत स्लीप ॲप्निया, म्हणजे झोपेत श्वास वारंवार अडण्याचा विकार, निघाला आणि वाढलेले टॉन्सिल व नाकामागच्या ॲडेनॉइड ग्रंथी काढल्यावर काही आठवड्यांत चालणेही थांबले. प्रत्येक मुलात असे घडेलच असे नाही, परंतु घोरण्याची चौकशी न करता गुंगीचे औषध देणे मला अजिबात मान्य नाही.

पहाटे स्वप्नात लाथा-बुक्क्या मारणाऱ्या साठीच्या गृहस्थांनाही घरचे 'झोपेत चालतात' म्हणूनच आणतात. स्वप्नांच्या झोपेत स्नायू एरवी शिथिल असतात. ते शैथिल्य हरपण्याचा हा वेगळाच विकार अमेरिकेतील मिनेसोटात शेंक आणि माहोवाल्ड यांनी १९८६ मध्ये मांडला. पुढे पार्किन्सन्स (कंपवात) होण्याची शक्यता असल्याने अशांना न्यूरोलॉजिस्टकडे न्यायलाच हवे.

एकाच रात्री अनेकदा, अगदी एकसारख्या हालचाली होत असतील तर अपस्माराची (फिट येण्याच्या आजाराची) तपासणी करावी. झोल्पिडेम ही झोपेची गोळी डॉक्टरांना न विचारता परस्पर घेऊ नये. त्याने झोपेत चालणे उद्भवू शकते, आणि २०१९ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने त्याच्या माहितीपत्रकात ठळक चौकटीत छापायचा सर्वांत कडक इशारा सक्तीचा केला. चालणाऱ्याला गदागदा हलवू नये, हलकेच वळवून अंथरुणाकडे न्यावे.

चालण्याची वेळ ठरलेली असेल, तर त्याआधी पंधरा-वीस मिनिटे मुलाला रोज हलके जागे करण्याचा उपाय मी सांगते. तो काही आठवडे नेटाने करावा लागतो. पालक मात्र चौथ्याच दिवशी गोळी मागायला येतात.