पीपीपीचा ठराव मांडताय? आधी या चुका टाळा

निपाणी-खानापूरकडे कुणी नवा नगरसेवक निवडून आला की थोड्याच दिवसांत त्याच्या तोंडी 'पीपीपी', म्हणजे सरकारी-खासगी भागीदारी, येतं. पाठोपाठ 'पालिकेचा एक रुपया लागणार नाही' हेही येतंच. ते ऐकलं की माझं डोकं उठतं.

पैसा कुणाचा, हे न विचारणं. बेळगावच्या काही भागांत चोवीस तास पाणी सुरू झालं, ते 'कंपनीनं दिलं' असं लोक म्हणतात. कंपनी होती, पण ठरलेल्या फीवर योजना चालवायला. भांडवल जागतिक बँकेच्या कर्जाचं आणि सरकारचं. रस्त्यांच्या हायब्रिड अॅन्युइटी पद्धतीच्या करारात 40 टक्के रक्कम काम चालू असतानाच सरकार देतं, उरलेले 60 टक्के 15 वर्षांत हप्त्यांनी फेडतं. टोल कमी जमला तर खड्डा सरकारी तिजोरीला.

गाड्या भलत्या महिन्यात मोजणं. यावर मी तासभर बोलू शकतो. चिकोडीकडच्या एका रस्त्याचा प्रस्ताव तपासायला आला होता. सल्लागारानं गणती केली होती ऐन जानेवारीत! तेव्हा आमच्याकडे गळीत हंगाम भरात असतो, रस्त्यावर उसाशिवाय काही दिसत नाही. त्यानं तोच आकडा बारा महिन्यांना लावला, वर दरवर्षीची वाढ धरली. त्यात ट्रॅक्टरही मोजलेले, जे टोलच्या यादीत नव्हतेच. "सर, पुन्हा मोजायचं तर सहा महिने जातील," तरुण अधिकारी कुरकुरला. जाऊ देत की! करार पंचवीस-तीस वर्षांचा आणि घाई सहा महिन्यांची. पावसाळ्यात पुन्हा मोजलं आणि प्रस्ताव गुंडाळावा लागला. तेव्हापासून मी हंगामात एकदा आणि श्रावणात एकदा गणती मागतोच. शिवाय रस्त्याकडेच्या चहावाल्याला विचारतो, नाका झाला तर गाड्या कुठल्या गावातून वळतील? सल्लागाराच्या अहवालात हे कधी नसतं.

शहरातल्या शहरात टोल. कोल्हापूर हाकेच्या अंतरावर आहे. 2013 मध्ये वसुली सुरू झाली, सगळं शहर रस्त्यावर उतरलं. शेवटी टोल गेला आणि भरपाई सरकारच्या गळ्यात आली.

रुंदीकरणाचं कलम न वाचणं. हुबळी-धारवाड बायपास आठवा. दोन्हीकडे चौपदरी महामार्ग आणि मधले तीसेक किलोमीटर वर्षानुवर्षं दुपदरी, कारण जुना बीओटी करार, म्हणजे कंपनीनं रस्ता बांधायचा, टोल घेऊन चालवायचा आणि मुदतीनंतर सरकारला परत द्यायचा. अपघातांमुळे लोक त्याला 'किलर बायपास' म्हणू लागले. रहदारी वाढल्यावर रुंदीकरण कुणी करायचं, कुणाच्या खर्चानं, हे कागदावर नसेल तर सही करू नका. करारपत्र जाडजूड असतं म्हणून सारांशावर भागवणारे मला मुळीच आवडत नाहीत.

जमीन 'मिळेल' असं धरणं. बेळगावजवळचा हलगा-मच्छे बायपास सुपीक जमिनीवरून अडला. एवढं पुरे.

व्हीजीएफवर, म्हणजे न परवडणाऱ्या प्रकल्पाची तूट भरायच्या सरकारी अनुदानावर, विसंबणं. सर्वसाधारण प्रकल्पात केंद्र प्रकल्पखर्चाच्या 20 टक्क्यांपर्यंत देतं, फार तर तेवढंच राज्य किंवा प्रकल्प काढणारी संस्था. त्यानंतरही हिशेब जुळत नसेल तर तो प्रकल्प पीपीपीचा नाही. सरळ बजेटमधून मागा.