‘मेतानोइया’चा अर्थ लावताना या चुका टाळा

बायबलच्या नव्या करारात आपण ‘पश्चात्ताप’ वाचतो, तेव्हा मूळ ग्रीकमध्ये बहुधा ‘मेतानोइया’ हे नाम किंवा ‘मेतानोएओ’ हे क्रियापद असते. नाम २२ वेळा आणि क्रियापद ३४ वेळा येते, म्हणजे पडताळून पाहायला उदाहरणे भरपूर आहेत. तरीही उपदेशात आणि अभ्यासवर्गात या शब्दाचा अर्थ सांगताना ठरावीक चुका होत राहतात, आणि त्यांतील बहुतेक चुका शब्दाचा वापर न पाहता केवळ त्याची फोड पाहिल्याने होतात.

‘मेता’ म्हणजे बदल, ‘नूस’ म्हणजे मन, म्हणून मेतानोइया म्हणजे निव्वळ विचारबदल, त्यात दुःखाचा संबंध नाही, असे सांगितले जाते. आपल्याकडे याला उत्तर जुनेच आहे: ‘पंकज’ म्हणजे चिखलात जन्मलेले, पण म्हणून बेडकाला कोणी पंकज म्हणत नाही. योगरूढ शब्दाचा, म्हणजे फोड करता येत असूनही विशिष्ट अर्थाने रुळलेल्या शब्दाचा, अर्थ रूढीने ठरतो. मितिलीनी शहराने अथेन्सविरुद्ध केलेले बंड मोडल्यावर, इ. स. पू. ४२७ मध्ये, तेथील सर्व प्रौढ पुरुषांना ठार मारण्याचा ठराव अथेन्सच्या सभेने केला. दुसऱ्याच दिवशी आपण फार क्रूर निर्णय घेतला असे लोकांना वाटू लागले, आणि त्या अस्वस्थतेला थ्युसिडिडीस हा इतिहासकार ‘मेतानोइया’ म्हणतो. ठराव फिरवला गेला, मागाहून सोडलेले दुसरे जहाज कसेबसे वेळेवर पोहोचले आणि सरसकट कत्तल टळली. इथे विचार बदलला, मनाला टोचणी लागली आणि कृतीही उलटली. यांपैकी एकच पदर उचलून तोच अर्थ म्हणता येत नाही. धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरने १५१८ साली याच फोडीचा आधार घेतला होता हे खरे, पण त्याच्यासमोर शब्दाचा अर्थ चर्चने नेमून दिलेल्या प्रायश्चित्तापुरता उरला होता. त्या वादातले हत्यार सरसकट सगळीकडे चालवणे बरोबर नाही.

नेमकी उलट चूक मराठी शब्दामुळे होते. ‘पश्चात् + ताप’ या जोडणीतला ‘ताप’ आपल्या मनावर इतका ठसलेला असतो, आणि संतवाङ्मयातला ‘अनुताप’ही इतका ओळखीचा असतो, की डोळ्यांत पाणी आले म्हणजे काम झाले असे वाटते. लूक ३ मध्ये बाप्तिस्मा करणारा योहान पश्चात्तापाला साजेशी फळे मागतो, तेव्हा लोक विचारतात, ‘आम्ही काय करावे?’ उत्तरात अश्रूंचा उल्लेखही नाही. दोन अंगरखे असतील त्याने एक द्यावा, जकातदारांनी ठरल्यापेक्षा जास्त घेऊ नये, शिपायांनी कोणाला छळून पैसे उकळू नयेत आणि आपल्या पगारात समाधान मानावे.

सर्वांत चिवट चूक आहे ती ‘मेतामेलोमाइ’ या क्रियापदाबाबतची. येशूला धरून देणारा यहूदा इस्कर्योत पस्तावला तिथे (मत्तय २७:३) हे क्रियापद आहे, म्हणून मेतामेलोमाइ म्हणजे खोटा पस्तावा आणि मेतानोएओ म्हणजे खरा, अशी सोयीची वाटणी केली जाते. पण मत्तय २१:२९ मध्ये आधी ‘जात नाही’ म्हणून नंतर द्राक्षमळ्यात कामाला गेलेल्या मुलाविषयी हेच क्रियापद आले आहे, आणि येशू तिथे त्या मुलाची बाजू घेतो. जुन्या कराराच्या ग्रीक भाषांतरात, म्हणजे सेप्टुआजिंटमध्ये, पहिल्या शमुवेलाचा १५ वा अध्याय उघडावा: देव पस्तावत नाही असे २९ व्या वचनात ‘मेतानोएओ’ वापरून म्हटले आहे, तर शौलाला राजा केल्याचा देवाला पस्तावा झाला हे ३५ व्या वचनात ‘मेतामेलोमाइ’ने सांगितले आहे. दोन्ही ठिकाणी हिब्रू धातू एकच, ‘नाखाम’. करिंथकरांस दुसऱ्या पत्रात (७:८-१०) प्रेषित पौल दोन्ही शब्दांत भेद राखतो, हे मान्य. तिथे देवाला अनुसरून झालेले दुःख ‘मेतानोइया’ घडवते, आणि त्याबद्दल मागाहून खंत वाटत नाही. मात्र हा त्या परिच्छेदातला भेद आहे, शब्दकोशातला नव्हे. शिवाय मेतानोइया दुःखातून जन्मते असे सांगणारे वचनही हेच, हे फोडवाल्यांनी लक्षात घ्यावे.

‘मेतानोएओ म्हणजे हिब्रू शूव, मागे फिरणे’ हे विधानही तपासून घ्यावे. सेप्टुआजिंटमध्ये ‘शूव’साठी नेहमीचे क्रियापद ‘एपिस्त्रेफो’ आहे, तर ‘मेतानोएओ’ प्रामुख्याने ‘नाखाम’साठी येते, योना ३:१० मध्ये निनवे शहरावरचे अरिष्ट मागे घेणाऱ्या देवाबद्दलही तेच आहे. प्रेषितांची कृत्ये ३:१९ मध्ये दोन्ही क्रियापदे शेजारी आहेत, म्हणजे लेखकाला ती अदलाबदल करण्याजोगी वाटत नसावीत.

राहिला काळाचा प्रश्न. प्रेषितांची कृत्ये २:३८ मधील आज्ञार्थ ‘ऑरिस्ट’ या ग्रीक क्रियापदरूपात आहे, म्हणून पश्चात्ताप एकदाच आणि कायमचा, असे व्याकरणाच्या नावाखाली सांगितले जाते. ऑरिस्ट क्रियेकडे एकसंध घटना म्हणून पाहतो. ती किती वेळा घडेल हे तो सांगत नाही. लूक १७:३ मध्ये अपराध करणाऱ्या भावाविषयी ‘त्याने पश्चात्ताप केला तर’ इथे ऑरिस्टच आहे, आणि लगेच पुढच्या वचनात तोच भाऊ दिवसातून सात वेळा परत येऊन ‘मेतानोओ’, मला पश्चात्ताप झाला आहे, असे म्हणतो.