वरचा कॅम आधी पोहोचत होता

माझ्या कंपाउंड धनुष्याची जुळणी तपासायला बाण ताणलेल्या कागदातून सोडला की कागदाची फाट दर वेळी उभीच. नॉक (बाणाचं दोरीत अडकणारं मागचं टोक) वर, पुढचं टोक खाली. आठवडाभर मी रेस्ट (बाण टेकतो तो आधार) आणि नॉकिंग पॉइंट (दोरीवर बाण अडकवायची जागा) हलवत बसलो, पण फरक शून्य. पूर्ण ताणल्यावर बॅक वॉलही (दोरी जिथे अडते आणि पुढे ताणली जात नाही ती जागा) पूर्वीसारखी घट्ट वाटेना, तेव्हा कुठे कॅमकडे, म्हणजे धनुष्याच्या दोन टोकांवरच्या, ताणताना फिरणाऱ्या चाकांकडे, लक्ष गेलं.

माझं धनुष्य दोन कॅमचं आहे, दोन्हींवर ड्रॉ स्टॉप, म्हणजे केबलला टेकून ताण थांबवणारा अडसर. ड्रॉ बोर्डवर (धनुष्य अडकवून हळूहळू ताणायची फळी) लावून सावकाश ताणलं. वरचा स्टॉप केबलला टेकला तेव्हा खालच्याला अजून जवळपास 3 मिलिमीटर जायचं होतं. नजरेने हे हातात धरून कधीच नीट दिसत नाही. ड्रॉ बोर्ड हवाच.

वरच्या कॅमवर गुंडाळली जाणारी केबल ताणून लांबली होती, म्हणून तो कॅम पुढे धावत होता. बो प्रेसमध्ये (धनुष्याच्या पात्या दाबून दोरी-केबल सैल करणारं यंत्र) केबलवरचा ताण काढून त्या केबलला, आधीच्या पिळाच्याच दिशेने, अर्धा पीळ दिला. पीळ वाढला की केबल आखूड होते आणि तो कॅम मागे राहतो. पुन्हा तपासलं, अजून अर्धा. आता दोन्ही स्टॉप एकदम टेकतात. घाईत दोन-तीन पीळ एकदम देऊ नका, आणि प्रेसशिवाय तर केबलला हातच लावू नका.

ड्रॉ वेट (धनुष्य ताणायला लागणारा जोर) थोडं वाढलं, ते लिंब बोल्टवर (पात्या घट्ट-सैल करणारे बोल्ट) जुळवलं. पीपची (नेम धरायला दोरीत बसवलेलं छोटं भोक) उंचीही पाहिली. मग कागद: एकच स्वच्छ भोक!